पटावरची नावे

संस्थेचे काम वाढले म्हणजे तिचा खर्च वाढतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु काम होते तेवढेच राहिले तरी खर्च वाढत जातो, आणि तो कमी करावयाचा म्हटले म्हणजे संस्थेला आपली स्वतःचीच ओळख नव्याने करून घ्यावी लागते, ही गोष्ट अनुभवावाचून कळत नाही. असाच एक अनुभव आज मी आपणांपुढे मांडणार आहे. विषय दिसावयास अगदी लहान आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीने आपल्या कारभारासाठी एक संगणकीय सेवा घेतली होती. तिची मोठी वर्गणी सोडून आम्ही लहान वर्गणी पत्करली. व्यवहाराच्या भाषेत ह्याला डाउनग्रेड म्हणतात. घटना एवढीच, पण त्या एवढ्याशा घटनेने मला जे शिकविले, ते चाळीस वर्षांच्या शिक्षकी पेशातही मला शिकावयास मिळाले नव्हते.

आमचे गाव गोदावरीच्या काठचे, तालुक्याचे. मी तेथल्या शाळेत मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर, रिकामा माणूस आणि हिशेबाला चोख, म्हणून मंडळीने माझ्या गळ्यात खजिनदारकी घातली. मंडळी हा शब्द मराठी ख्रिस्ती माणूस एका विशेष अर्थाने वापरतो. उपासनेसाठी बांधलेली इमारत म्हणजे मंदिर. त्या मंदिरात जमणारी माणसे म्हणजे मंडळी. इमारत पडली तरी मंडळी राहते, आणि मंडळी पांगली तर इमारत नुसती भिंतींची उरते. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, १८४२ साली अहमदनगरास 'ज्ञानोदय' निघू लागला, आणि पुढे खेडोपाडी लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. आमची मंडळी त्यांतलीच एक. घरे सुमारे दीडशे. कोणी शेतमजूर, कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी एस. टी. मध्ये वाहक. श्रीमंत असे कोणीच नाही.

माणसांची नावे लिहून ठेवण्याची खोड धर्मसंस्थांना फार जुनी आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेल्या माणसाला तीर्थोपाध्याय त्याच्या पणजोबाचे नाव वहीतून काढून दाखवतात, तेव्हा अंगावर काटा उभा राहतो. ख्रिस्ती जगातही तसेच. इंग्लंडात १५३८ साली टॉमस क्रॉमवेल ह्याने आज्ञा काढली की, प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ह्यांची एक वही ठेवावी, आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत असावी: एक किल्ली धर्मगुरूजवळ, दुसरी मंडळीच्या कारभाऱ्यांजवळ. एकट्याने पेटी उघडू नये, हा त्यातला हेतू. पुढे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने रोमन कॅथलिक धर्मगुरूंनाही विवाहांची वही ठेवण्यास सांगितले. आपल्या देशात १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहाची नोंद हे कायद्याचेच बंधन केले. आमच्या मंदिरातही एक लाकडी कपाट आहे आणि त्यात कापडी बांधणीच्या जाड वह्या आहेत. त्यांतल्या जुन्या वह्यांचे अक्षर बोरूचे आहे. पाने पिवळी पडली, कडा कुरतडल्या गेल्या. पण एकदा लिहिलेले नाव त्यांतून कोणी काढलेले नाही.

ह्या वह्यांच्या जोडीला संगणक कसा आला, ते सांगावयास हवे. २०२० च्या मार्चमध्ये देशात टाळेबंदी झाली आणि मंदिराला कुलूप लागले. ते मध्ये उघडले, पुन्हा बंद झाले, आणि महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे कायमची म्हणून उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी. त्या दीड वर्षात मंडळी टिकवावयाची कशी, हा पाळकसाहेबांपुढे प्रश्न होता. आमच्यातला एक तरुण संगणकाच्या कामात हुशार. त्याने एका परदेशी कंपनीची सेवा शोधून काढली. अशा सेवा मुख्यतः अमेरिकेतल्या मंडळ्यांसाठी तयार झालेल्या आहेत. तिकडे त्यांचा मोठाच बाजार आहे. कुटुंबांची यादी, उपासनेची हजेरी, दानाच्या पावत्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा, गायनवृंदाच्या पाळ्या, रविवारच्या शाळेत मुलांना सोडताना आणि नेताना जुळवून पाहावयाच्या चिठ्ठ्या, अशी सगळी कामे त्या एकाच ठिकाणी होतात. आपल्या घरी काही बसवावे लागत नाही. सगळी माहिती कंपनीच्या संगणकांवर असते आणि आपण दरमहा पैसे भरून ती वापरतो.

ह्या दरमहाच्या पैशाला वर्गणी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मला मात्र हा शब्द येथे थोडा टोचतो. आपल्याकडे वर्गणी म्हणजे दहा जणांनी मिळून उभारलेल्या कामातला आपला वाटा. गावाची विहीर, वाचनालय, गणपती ह्यांना वर्गणी देतात, आणि ती दिली की ते काम आपलेही होते. येथे तसे नाही. येथे पैसे थांबले की दार बंद. तेव्हा हे खरे म्हणजे भाडे आहे. भाड्याच्या घरात राहण्यात कमीपणा नाही. पण भाडेकरूने आपले सामान किती आहे आणि ते केव्हा उचलावे लागेल, ह्याचा विचार केलेला असावा.

आमच्या सेवेचे भाडे माणसांच्या संख्येवर होते. पाचशे नावांपर्यंत महिन्याला ३५ डॉलर, आणि त्यापुढे हजारापर्यंत ६० डॉलर. टाळेबंदीत फोनवरून उपासना ऐकणारे पुष्कळ झाले. पुण्या-मुंबईचे नातेवाईक, दुबईचा कोणाचा जावई, असे ज्याने ज्याने आपले नाव व फोननंबर भरला तो यादीत शिरला. पाचशेवर एक नाव झाले आणि त्याच महिन्यापासून आम्ही आपोआप वरच्या पायरीवर चढलो. चढताना कोणी विचारले नाही. त्या वेळी डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. २०२४ च्या डिसेंबरात तो ८५ च्या आसपास गेला. त्यावर १८ टक्के कर. म्हणजे महिन्याचे ६,०१८ रुपये. दीडशे घरांच्या मंडळीला ही रक्कम थोडी नव्हे.

आता कार्डावरून आपोआप रक्कम कापली जाण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ऑक्टोबर २०२१ पासून तो अंमलात आहे. ती सूचना दर महिन्याला माझ्या फोनवर येई आणि मी ती दर महिन्याला पुसून टाकी. एका महिन्यात मात्र ती सूचना आणि पंचांच्या सभेची विषयपत्रिका एकाच दिवशी माझ्यापुढे आली. विषयपत्रिकेवर होते: 'निराधारांच्या मदतीबाबत'. आमची मंडळी गावातल्या पाच वृद्ध, निराधार माणसांना दरमहा पाचशे रुपये देत असे. पैसा पुरत नाही म्हणून सहा महिन्यांपूर्वी ती मदत आम्ही थांबविली होती. पाच माणसांचे पाचशे म्हणजे अडीच हजार. मी कागदावर मांडून पाहिले: वरच्या आणि खालच्या पायरीतला फरक करासकट २,५०७ रुपये पन्नास पैसे भरला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पंचांनी एकमताने ठराव केला की खालची पायरी घ्यावी. ठराव करणे सोपे होते. त्या सेवेच्या प्रत्येक पानावर, वरची पायरी घ्या असे सांगणारे ठळक बटण होते. खालच्या पायरीचे बटण शोधून सापडेना. शेवटी ते पाच पानांच्या आत, बारीक अक्षरांत मिळाले. ग्राहकाला अशा रीतीने गुंतवून ठेवण्याच्या क्लृप्त्यांबद्दल आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा तेरा प्रकारांची यादी दिली. वर्गणीचा सापळा हा त्यांतलाच एक प्रकार. कंपनीशी मात्र मी अन्याय करू इच्छीत नाही. पत्र पाठवल्यावर तिच्या माणसाने सौजन्याने उत्तर दिले. पण त्या उत्तरात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, हा बदल फक्त खात्याचा मालकच करू शकतो. आणि मालक कोण, तर तो तरुण, ज्याने खाते उघडले. आणि तो आता नोकरीसाठी बंगळूरला. क्रॉमवेलच्या पेटीला निदान दोन किल्ल्या होत्या; आमच्या पेटीची एकच, आणि तीही परगावी. मुलगा भला म्हणून त्याने एका फोनसरशी मालकी पाळकसाहेबांच्या आणि माझ्या नावे करून दिली. तो रागावलेला असता, किंवा देव न करो, त्याचे काही बरेवाईट झाले असते, तर सगळ्या मंडळीची माहिती एका परक्या कुलपात राहिली असती.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. खालची पायरी घ्यावयाची तर आधी नावे पाचशेच्या आत आणा, असे कंपनीचे म्हणणे. आमच्या यादीत नावे होती ६८३. म्हणजे १८३ माणसे कमी करावयाची!

श्रोतेहो, येथे माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या सेवेत अशी सोय होती की, वर्षभरात ज्यांची हजेरी लागलेली नाही आणि ज्यांच्या नावे दानाची नोंद नाही, अशांची यादी संगणक आपणच काढून देतो. त्या यादीला नाव होते 'निष्क्रिय'. मी बटण दाबले. क्षणात २४१ नावे पुढे आली. मला हायसे वाटले. शनिवारची रात्र होती. पाहू तर खरे काय होते, अशा बुद्धीने मी त्या सगळ्यांना एकदम बाजूला काढण्याचे बटण दाबले आणि निजलो. दर रविवारी सकाळी मंडळीला फोनवर त्या दिवसाचे शास्त्रपाठ आणि सूचना जात. त्या रविवारी २४१ जणांना त्या गेल्या नाहीत.

मंगळवारी बाजारात एक पोरगा मला आडवा आला. त्याची आजी चार वर्षांपूर्वी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. सारे गाव तिला काकू म्हणते. पोरगा म्हणाला, "गुरुजी, आजी विचारती, आमचं नाव कापलं का? रविवारचा मेसेज आला न्हाई. मी वाचून दाखवतो तवा ती जेवती."

मी तसाच त्याच्याबरोबर गेलो. काकू भिंतीकडे तोंड करून निजलेल्या होत्या. मी आलेला कळताच त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "गुरुजी, मला येता येत न्हाई म्हणून का? मी पाकीट तर दर महिन्याला धाडतेच की."

कसले पाकीट, हे मला कळेना. तेव्हा पोराने सांगितले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो वीस रुपयांचे एक पाकीट अर्पणाच्या थैलीत टाकतो. वर नाव नसते. आजीने लिहू दिलेले नाही. ते पाकीट मला माहीत होते. दर महिन्याला ते मीच फोडीत होतो आणि 'गुप्तदान' ह्या सदरात वीस रुपये लिहीत होतो. संगणकाला गुप्तदान देणारा कोण ते कळत नाही. त्याच्या लेखी ते नाव निष्क्रिय. आणि ज्या पाच माणसांची मदत आम्ही थांबविली होती, त्यांत काकूही होत्या. आमची मदत थांबली होती. त्यांचे पाकीट थांबले नव्हते.

"नाव कापलं नाही, काकू," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मीच ती दुरुस्त करतो." घरी येऊन मी पहिल्यांदा २४१ नावे जेथल्या तेथे परत घातली. सुदैवाने मी ती पुसली नव्हती, बाजूला ठेवली होती. ह्या दोहोंतला फरक किती मोठा असतो, हे मला त्या दिवशी उमगले. बाजूला ठेवलेले परत आणता येते. पुसलेले येत नाही. आणि काही सेवांत तर माणसाचे नाव पुसले म्हणजे त्याच्या दानाच्या नोंदीही हिशेबातून निसटतात. विश्वस्त संस्थेचे हिशेब तपासून घ्यावे लागतात. लेखापरीक्षकापुढे संगणकाची सबब चालत नाही.

पुढच्या सभेत मी झालेली चूक सांगितली. पाळकसाहेब थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, आपण ही यादी घेऊन बसू नये, यादी घेऊन निघावे." शंभरांतले एक मेंढरू हरवले असता नव्याण्णवांना सोडून त्याच्यामागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, मात्र ते हरवलेले मेंढरू निष्क्रिय ह्या सदरात टाकून मोकळे होण्याची युक्ती त्या दाखल्यात नाही. बायबलात 'गणना' नावाचे पुस्तकच आहे. दाविद राजाने प्रजेची मोजदाद केली तेव्हा देवाचा कोप झाला, अशीही कथा आहे. आणि येशूचा जन्म बेथलेहेमात झाला तोही औगुस्त कैसराच्या नावनोंदणीमुळेच. म्हणजे मोजणे हे वाईट नाही आणि चांगलेही नाही. कोण, कशासाठी आणि कोणाला मोजतो, ह्यावर ते आहे.

आम्ही सात पंच होतो. २४१ नावे वाटून घेतली आणि २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दारोदार फिरलो. जे सापडले ते असे. ६४ नावे दोनदा लिहिलेली होती. एकच बाई माहेरच्या नावाने एकदा आणि सासरच्या नावाने एकदा. एकच आडनाव रोमन लिपीत कोणी एका तऱ्हेने लिहिलेले, कोणी दुसऱ्या. ३९ माणसे वारलेली होती. त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यांच्या मुलांच्या फोनवर दरवर्षी जात होत्या आणि कोणी तक्रार केली नव्हती. एक जण तर म्हणाला, "साहेब, दादांचा शुभेच्छांचा मेसेज येतो, तो राहू द्या." ४८ जण केवळ टाळेबंदीत उपासना ऐकण्यापुरते आलेले पाहुणे होते. ५३ जण गाव सोडून गेलेले. आणि ३७ जण गावातच होते, पण येत नव्हते.

दुबार नावे काढली; त्यात कोणाचे नुकसान नव्हते. वारलेल्यांची नावे काढण्यापूर्वी आम्ही त्यांची व त्यांच्या दानाची सगळी माहिती छापून घेतली, तिची वही बांधली आणि ती कपाटात ठेवली. पाहुण्यांना आभाराचे पत्र पाठवून निरोप दिला. हे १५१ कमी झाल्यावर उरले ५३२. गाव सोडून गेलेल्यांपैकी ३५ जण दुसऱ्या मंडळ्यांत सामील झाले होते. त्यांना पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे शिफारसपत्रे दिली. उरले ४९७. बाकीच्या अठरांना दुसरी मंडळी मिळालेली नव्हती. त्यांची नावे आम्ही ठेवली आणि प्रत्येकाला हाताने पत्र लिहिले. आठ जणांची उत्तरे आली.

राहिले गावातले सदतीस. त्यांतले अकरा अंथरुणाला खिळलेले. नऊ जणांना रविवारी सुट्टी नसते. सतरा जण रुसलेले! रुसण्याची कारणे आपणांस सांगू लागलो तर माझा वेळ संपेल. एकाला नाताळच्या कार्यक्रमात मागे बसविले होते. दुसऱ्याच्या आईच्या दफनाला कोणी पंच आला नव्हता. पहिल्या तक्रारीला मी हसलो. दुसरीला हसता आले नाही, कारण त्या दिवशी गैरहजर असलेला पंच मीच होतो. सतरांपैकी किती परत आले, हे मी मुद्दाम मोजलेले नाही. ह्या सदतीसांतले एकही नाव आम्ही काढले नाही.

४९७ नावे झाली तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीस, पुढचे भाडे कापले जाण्याच्या आठ दिवस आधी, आम्ही खालच्या पायरीचे बटण दाबले. असा बदल बहुधा चालू मुदत संपल्यावर अंमलात येतो आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून तारीख सांभाळावी लागते. खालच्या पायरीवर काही सोयी गेल्या. फोनवर पाठवावयाच्या संदेशांची संख्या घटली. खाते पाहू शकणारे पाच होते ते दोनच राहिले. मुलांच्या चिठ्ठ्यांची सोयही गेली. पण ती आम्ही एकदाही वापरली नव्हती. आमच्या रविवारच्या शाळेतील बाईंना कोणते पोर कोणाचे, हे त्याच्या नाकावरून कळते.

आता आम्ही निश्चिंत झालो, असे वाटले. पण २० एप्रिल २०२५ रोजी ईस्टर होता आणि त्या दिवशी चार बालकांचे बाप्तिस्मे व्हावयाचे होते. ४९७ आणि चार म्हणजे ५०१. जागा तीनच! सभेत प्रथम हशा पिकला, मग सगळे एकदम गप्प झाले. चौथे बालक कोणाचे, हे कोण ठरविणार? पाळकसाहेब उठले, कपाटातून बाप्तिस्म्याची वही काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिला पाने पुष्कळ आहेत."

त्या एका वाक्याने गाठ सुटली. आम्ही विचारले, लहान मुलांची नावे संगणकात कशाला हवीत? त्यांना आपण संदेश पाठवीत नाही. त्यांना पावती द्यावी लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्वही हेच आहे की, ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले म्हणजे, दुसऱ्या कायद्याने ठेवावी लागत नसेल तर, ती ठेवू नये; आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीला तर आईबापांची पडताळून घेतलेली संमती हवी. ह्या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. आम्हांला कायद्याच्या आधी वहीने वाट दाखविली. मुलांची ९२ नावे आम्ही संगणकातून काढली आणि ती वहीत आहेत ना, हे एकेक करून ताडून पाहिले. संगणकात उरली ४०५. चारही बालकांची नावे शाईने लिहिली गेली.

हे आधी सुचले असते, तर आम्हांला यादी घेऊन दारोदार फिरण्याची तेवढी निकड भासली नसती. म्हणून ते आधी सुचले नाही, ह्याचे मला समाधानच आहे.

ह्या साऱ्यातून काय घ्यावे? आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या संस्थेचा कारभार पाहत असतील. इंदूर, बडोदे, दिल्ली येथली महाराष्ट्र मंडळे, वाचनालये, गृहनिर्माण संस्था ह्या सर्वांच्या दारी अशा सेवा आता आल्या आहेत. त्या घेऊ नयेत असे मी म्हणणार नाही. टाळेबंदीत त्याच सेवेने आमची मंडळी एकत्र धरून ठेवली. परंतु चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. खात्याची किल्ली एका माणसाजवळ असू नये. सारी माहिती वर्षातून एकदा तरी उतरवून घेऊन आपल्या कपाटात ठेवावी. पुसण्यापूर्वी बाजूला ठेवावे आणि बाजूला ठेवण्यापूर्वी विचारावे. आणि भाडे कशावर आकारले जाते, हे पाहावे. कारण ज्यावर भाडे आकारले जाते ते कमी करण्याचा मोह एक ना एक दिवस होतोच. आमचे भाडे माणसांवर होते. म्हणून आम्हांला माणसे कमी करण्याचा मोह झाला.

वरची पायरी म्हणजे प्रगती आणि खालची पायरी म्हणजे अधोगती, अशी एक समजूत हल्ली बळावते आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सांगणाऱ्या आपल्या वाडवडिलांची ती समजूत नव्हती. आमच्या गावी गोदावरीला घाट आहे. पाणी हवे असणाऱ्याला त्या घाटाच्या पायऱ्या उतरूनच जावे लागते. उतरला म्हणून त्याला कोणी पडला असे म्हणत नाही.

मार्चपासून पाच माणसांची मदत पुन्हा सुरू झाली. पहिले पाचशे रुपये काकूंना द्यावयास मी स्वतः गेलो. त्यांनी ते उशाखाली ठेवले, नातवाला हाक मारली आणि त्यातलेच वीस रुपये मोडून आणावयास सांगितले. पुढच्या रविवारी थैलीत ते पाकीट होते. वर नाव नव्हते. मी ते फोडले आणि हिशेबाच्या वहीत नेहमीच्या सदरात लिहिले: गुप्तदान, रुपये वीस.